भिवबाच्या गाडीचा सत्कार

एका जंगलात एक अस्वल राहत होतं आणि त्या अस्वलाकडे मोटारगाडी होती. हसू नका, मुलांनो. ज्या जंगलात वाघ तासभर भाषण करतो आणि हरणं पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात, तिथे अस्वलाने गाडी चालवली तर बिघडलं कुठे?

अस्वलाचं नाव भिवबा. त्याची गाडी नवी नव्हती. जुन्या गाड्या विकणाऱ्या कोल्ह्याकडून त्याने ती घेतली होती.

"डॉक्टरांची गाडी आहे, भिवबा," कोल्हा म्हणाला होता. "एकहाती वापरलेली. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बस्स!"

मुलांनो, जगातली प्रत्येक जुनी गाडी आधी डॉक्टरांचीच असते. इतके डॉक्टर येतात कुठून, हे मला अजून कळलेलं नाही. हा डॉक्टर गुरांचा होता आणि नांगरलेल्या शेतांतून गोठ्या-गोठ्याला गाडी न्यायचा, हे कोल्ह्याने सांगितलं नाही. भिवबानेही विचारलं नाही.

पण गाडी गुणाची निघाली. तिचं डावं दार आतून उघडत नसे. खाली गेलेली काच दोन्ही पंजांनी वर ओढावी लागे. वळताना मागच्या बाजूने कोणीतरी दाणे भाजल्यासारखा आवाज येई. एवढं सोडलं तर ती ठणठणीत होती. सकाळी किल्ली फिरवली की खोकायची आणि चालू लागायची. भिवबाचा तिच्यावर फार जीव होता.

गाडी घेण्यामागे त्याचं एक कारण होतं. त्याची थोरली बहीण बयाक्का घाटाच्या माथ्यावर राहायची. दर भाऊबीजेला भिवबा घाट चढून तिच्याकडे जायचा. ती त्याला ओवाळायची आणि करंज्या खाऊ घालायची. तो जेवल्याशिवाय ती स्वतः घास घेत नसे. पुढे भिवबाचे गुडघे गेले आणि गेल्या वर्षी तो अर्ध्या वाटेवरूनच परत फिरला.

दुसऱ्या दिवशी टिटवी निरोप घेऊन आली.

"बयाक्कांनी सांगितलंय, वाट पाहून शेवटी चंद्राला ओवाळलं. म्हणाल्या, चंद्रच बरा, वेळेवर तरी येतो."

ज्या बहिणीचा भाऊ येऊ शकत नाही, ती त्या संध्याकाळी चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला माहीत आहेच. पण आपला भाऊ जिवंत असताना चंद्राला ओवाळायचं म्हणजे काय, हे भिवबाला त्या दिवशी कळलं. तो गुहेच्या तोंडाशी बसून लहान पोरासारखा रडला. मग उठला आणि तडक कोल्ह्याकडे गेला.

यंदाच्या भाऊबीजेला गाडीने जायचं, असं त्याने बयाक्काला कळवूनही टाकलं. पण मध्ये दसरा आला.

त्या जंगलात दर दसऱ्याला सत्कार होत असे. महाराज वाघ स्वतःच्या हाताने शाल पांघरत, श्रीफळ देत आणि मग भाषण करत. ही शाल पुढच्या दसऱ्यापर्यंत अंगावरून काढायची नाही, असा रिवाज होता. एकदा रानगवा ऐन वैशाखात शाल पांघरून फिरला आणि भोवळ येऊन आडवा झाला. त्याच्या या निष्ठेबद्दल त्याचा दुसरा सत्कार झाला. त्याला दुसरी शाल मिळाली.

यंदा अडचण अशी झाली, की जंगलात सत्कार व्हायचा राहिलेला कोणी उरलाच नव्हता. हत्तीचा झाला होता, सशाचा झाला होता. कोल्ह्याचा तर प्रामाणिक व्यापारी म्हणून झाला होता. एका घुबडाचा त्याच्या नकळत झाला, कारण कार्यक्रम दुपारी होता. सत्कार समितीचे चिटणीस वानरराव काळजीत पडले. तेवढ्यात समोरून भिवबाची गाडी खोकत खोकत गेली.

"ज्येष्ठ आहे," वानरराव म्हणाले. "शिवाय हिची भाषण करायची भीती नाही."

आणि ठरलं.

सभा मोठी झाली. गाडीला पाटावर उभं करायचा प्रयत्न झाला, पण पाट मोडला. मग शाल कुठे पांघरायची यावर खल झाला. गाडीला खांदे नसतात. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की दोन आरसे म्हणजे कान आणि पुढची जाळी म्हणजे तोंड. महाराजांनी जाडजूड लोकरी शाल गाडीच्या तोंडावरून घेतली आणि वानररावांनी तिची दोन्ही टोकं दोन आरशांना करकचून बांधली. शालीमागे पुढचे दोन्ही दिवेही झाकले गेले. पण सत्कारमूर्तीला पुढचं दिसायलाच हवं असं काही नसतं.

सत्काराला उत्तर म्हणून भिवबाने हॉर्न वाजवला. थोडक्यात आणि मनापासून बोलल्याबद्दल महाराजांनी गाडीचं कौतुक केलं.

भिवबाची छाती फुलली. गाडी बाजारातून निघाली की दोन्ही बाजूंचे प्राणी उठून नमस्कार करू लागले. माणूस काय आणि अस्वल काय, नमस्काराची सवय लागायला वेळ लागत नाही.

दसऱ्यानंतर पहिल्यांदाच तो बाजारापलीकडच्या चढणीला लागला आणि गाडी बंद पडली. इंजिनाच्या तापाचा काटा लालात गेला. बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली. आतून चहाचं आधण आल्यासारखा खदखद आवाज येऊ लागला.

भिवबाने बॉनेट उघडलं. बॉनेट उघडलं की येणाऱ्याजाणाऱ्याने आत डोकं घालून काहीतरी सांगायचं, ही त्या जंगलातली रीत. न सांगता पुढे जाणं उद्धटपणाचं मानलं जाई.

"पेट्रोलात कचरा," ससा म्हणाला.

"रस्ता खराब," रानडुक्कर म्हणालं. तो त्यानेच उकरला होता.

"वायरिंग," घुबडाने डोळे मिटूनच सांगितलं.

कोल्हाही आला. त्याने आत डोकावलं आणि सुस्कारा सोडला. "डॉक्टरांची गाडी आहे, भिवबा. तिला चढणीची सवय नाही."

"नजर लागली," मोर म्हणाला. हे सगळ्यांना पटलं. लगेच लिंबू-मिरची आली आणि शालीच्या वरच टांगली गेली. गाडी थंड झाल्यावर उतारावरून मागे येत कशीबशी घरी पोचली.

भिवबा खवलेमामांकडे गेला. खवलेमामा म्हणजे खवल्या मांजर. जंगलातलं एकमेव गॅरेज त्यांचं. गाडीखाली शिरायला त्यांना अंथरूण लागत नसे. ते गाडीखाली गेले, बराच वेळ ठोकठोक केली आणि बाहेर आले.

"खालून काही नाही. वरूनबी बघितलं. आता फुडनं बघाय पायजे."

"मग बघा की मामा."

"फुडं शाल हाय."

"जरा सरकवा."

शाल सरकवा म्हटल्याबरोबर खवलेमामांनी डोकं पोटात घातलं, शेपूट वर घेतली आणि त्यांचा एक गोल गोळा झाला. खवल्या मांजराची जातच तशी आहे. भिवबाने बरंच समजावल्यावर गोळ्यातून आवाज आला, "म्हाराजांनी घातल्याली शाल हाय ती. मला पोरंबाळं हायत."

तेव्हा पुढून न बघता जे जे करता येईल ते करायचं ठरलं. पाण्याचा पंप बदलला. पाइप बदलले. पंख्याचा पट्टा बदलला, पाण्याच्या टाकीचं झाकण बदललं. नांगरटीतून आलेली माती निघाली ती वेगळीच. थोडक्यात सांगायचं, तर गाडीत शाल सोडून सगळं बदललं.

गाडी चढणीला लागली आणि त्याच जागी, त्याच दगडाशी, पुन्हा बंद पडली.

आता भाऊबीज तोंडावर आली होती. भिवबाने धीर केला आणि तो वानररावांकडे गेला.

"चिटणीससाहेब, शाल थोडा वेळ बाजूला घेतली तर?"

वानरराव फांदीवरून पडता पडता राहिले. "आपण काय बोलताय, याची कल्पना आहे का आपल्याला? तरीही आपली तक्रार आम्ही गांभीर्याने घेत आहोत. समिती पाहणी करील."

गाडी पुन्हा चढणीवर वाफा सोडत उभी होती, तेव्हा समिती आली. तिच्यात वैद्य म्हणून बगळा होता. तो एका पायावर उभा राहिला आणि त्याने गाडीच्या कपाळावर पंख ठेवला.

"अंग तापलंय," बगळा म्हणाला. "तोंडातून वाफा येताहेत. चढताना थरथरते का?"

"थरथरते," भिवबा म्हणाला.

"हिवताप. वारा लागता कामा नये. शाल आणखी घट्ट बांधा."

वानररावांनी शाल ओढून घेतली आणि गाठीवर गाठ मारली. आत वारा जायला राहिलीसाहिली फट होती, तीही बुजली. समितीने चहा घेतला आणि ती गेली.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, या भिवबाला काही कळत नव्हतं का? खरं सांगतो, कळत होतं. गाडी दसऱ्याआधी चढायची आणि दसऱ्यानंतर चढेना, यात न कळण्यासारखं काय आहे? पहिल्या दिवशीच त्याने शालीखाली पंजा घालून पाहिला होता आणि पोळून बाहेर काढला होता. पण शाल काढली असती तर महाराज रागावले असते, ही एक गोष्ट. आणि शाल काढली असती तर बाजारातले नमस्कार बंद झाले असते, ही दुसरी गोष्ट. पहिली तो सगळ्यांना सांगायचा. दुसरी त्याने स्वतःलाही सांगितली नव्हती.

भाऊबीज उजाडली. भिवबाने अंग घासून आंघोळ केली, मधाचं पोळं फडक्यात बांधलं आणि सकाळीच निघाला. त्याचा बेत साधा होता. थोडं चढायचं, थांबायचं, गाडी निवली की पुन्हा थोडं चढायचं. पाण्याचे डबे त्याने मागे भरून घेतले होते.

गाडी चढली, थांबली. चढली, थांबली. दुपार कलली तरी घाट संपेना. पाणी मात्र संपलं. खिंडीच्या अलीकडच्या वळणावर गाडीने एक लांब उसासा टाकला आणि ती उभी राहिली.

वर माथ्यावर बयाक्काचं झाड दिसत होतं. भिवबाने चालून पाहिलं. थोडं अंतर गेला आणि त्याचे गुडघे वळेनात. तो तसाच खुरडत परत आला.

आजूबाजूला कोणी नव्हतं. महाराज नव्हते, चिटणीस नव्हते. नमस्कार करायलाही कोणी नव्हतं. भिवबाने आरशाजवळच्या गाठीला पंजा लावला.

नखाने गाठ थोडी सैल झाली. तेवढ्यात खालच्या वळणावरून एक म्हातारं भेकर जाताना दिसलं. त्याने शाल पाहिली, पुढचे पाय जुळवले आणि लवून नमस्कार केला.

भिवबाने गाठ पुन्हा आवळली आणि त्याला उलट नमस्कार केला. भेकर दिसेनासं झाल्यावर भिवबाला स्वतःची अशी काही लाज वाटली म्हणता, की तो गाडीच्या चाकाला टेकून मटकन खाली बसला. सूर्य टेकडीला लागला होता. आणखी थोड्या वेळाने पश्चिमेला बीजेची कोर दिसणार होती, आणि ही कोर फार वेळ थांबत नाही. यंदाही चंद्रच वेळेवर येणार, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

"भिव्या! आरं, हितं काय बसलाईस?"

वरच्या वळणावरून बयाक्का येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेलं ताट. तिचेही गुडघे भिवबासारखेच. शेवटी एकाच आईची लेकरं ती.

"अक्का! तू कशाला उतरलीस गं?"

"मग काय करू? सकाळपास्नं बघतीया. गाडीचा धूर दिसतोय, पर गाडी काय येईना. म्हटलं, जावं आपणच." ती धापा टाकत पोचली आणि तिने ताट बॉनेटवर ठेवलं. मग ती कुडकुडली. घाटातला वारा संध्याकाळी बोचायला लागतो, आणि बयाक्काच्या अंगावरचे केस वयाने विरळ झाले होते.

"कसली थंडी म्हणायची ही!" ती म्हणाली. तिची नजर शालीवर गेली. "आन् ही रं काय? बहीण गारठून मराय लागली आन् तू गाडीला शाल पांघरून फिरतुयास व्हय?"

"अक्का, ती महाराजांनी..."

पण बयाक्काने एका आरशाची गाठ दातांनी तोडली होती. दुसरी तिने नुसती ओढली, तर आरसाच हातात आला. तो तिने भिवबाच्या हातात दिला आणि शाल अंगाभोवती गुंडाळून घेतली.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "बस आता पूर्वेला तोंड करून."

तिने शालीच्या आडोशाला निरांजन लावलं. भिवबाच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याला ओवाळलं आणि त्याच्या तोंडात करंजी कोंबली. ती करंजी खाताना तो रडतोय की हसतोय, हे त्याचं त्यालाही कळेना. मग जाता जाता बयाक्काने गाडीलाही ओवाळलं. पश्चिमेला कोर दिसू लागली, तेव्हा तिच्याकडे पाहून ती म्हणाली, "यंदा तुझं काम न्हाई."

तोवर गाडीच्या तोंडावरून घाटातला वारा चांगला वाहून गेला होता. झाडीत दडलेला एक झरा बयाक्काला ठाऊक होता, तिथून तिने पाणी आणून दिलं. भिवबाने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि चालू झाली. दिवे लावले तर समोरचा रस्ताही दिसू लागला. उरलेला घाट ती एका दमात चढली, आणि काटा मध्यावरून हलला नाही.

"काय झालं हुतं रं गाडीला?" बयाक्काने विचारलं.

"सत्कार," भिवबा म्हणाला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण भिवबाला परत जायचं होतं. तो जंगलात शिरला तो बिनशालीचा. गाडीच्या एका बाजूचा आरसाही नव्हता. बाजारात कोणी नमस्कार केला नाही. वानररावांनी मात्र लगेच त्याला महाराजांपुढे उभं केलं.

"शाल कुठे आहे?" महाराजांनी विचारलं. ते अगदी हळू बोलत होते. वाघ हळू बोलला की जास्त भीती वाटते.

भिवबाचे गुडघे आता वेगळ्या कारणाने वळेनात. खवलेमामा कोपऱ्यात केव्हाच गोळा होऊन बसले होते. काय सांगावं? शाल गाडीला बाधली म्हणावं, तर महाराजांचा हात बाधला असं होतं. बहिणीने ओढून घेतली म्हणावं, तर बहिणीची धडगत नव्हती.

"महाराज," भिवबा म्हणाला, "भाऊबीज होती. बहिणीने गाडीला ओवाळलं. गाडीकडे दुसरं काही नव्हतं. तिने अंगावरची शाल ओवाळणीत घातली."

महाराजांनी पंजाच्या मागच्या बाजूने डोळे पुसले.

"जनावर असून," ते म्हणाले, आणि मग ते थांबले, कारण गाडी जनावर नव्हती आणि ते स्वतः होते. "असो. असं मन आमच्या मंत्र्यांतही नाही."

त्यानंतर सगळ्यांना कंठ फुटला. गाडी बरी झाली ती लिंबामुळे, असं मोराने सांगितलं. खवलेमामा गोळ्यातून बाहेर आले आणि पंपामुळे म्हणाले. ताप उतरला, कारण आपण वेळेवर वारा बंद केला, असं बगळ्याने एका पायावर उभं राहून पटवून दिलं. डॉक्टरांच्या गाडीचे संस्कारच वेगळे, असं कोल्हा म्हणाला. तिघांचेही सत्कार आधी होऊन गेले होते, म्हणून पुन्हा करायचं ठरलं. कोल्ह्याचा धरून चौघांचे.

आणि गाडीचा? तिचा तर व्हायलाच हवा होता. तिथल्या तिथे सभा भरली. शालीने या त्यागाची बरोबरी होणार नाही, म्हणून महाराजांनी राजवाड्यातली कापूस भरलेली दुलई आणवली. ती गाडीच्या तोंडावरून घेऊन, आरसा एकच उरला होता म्हणून, वानररावांनी सुतळीने सबंध गाडीला आवळून बांधली.

भिवबाने हे सगळं हात जोडून पाहिलं. या वेळी त्याची छाती फुलली नाही. पण तो हसला. उत्तरादाखल त्याने हॉर्न वाजवला. दुलईमुळे आवाज बाहेर आला नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सभा उठली तशी त्याने टिटवीला हाक मारली आणि तिच्या कानात निरोप सांगितला, "बयाक्काला विचार, रात्री पांघरायला काही लागतं का?"

टिटवी उडाली आणि उत्तर घेऊन आली.

"म्हणाल्या, लागतंय तर! सावकाश ये म्हणावं, मी वळणावर थांबते."

तात्पर्य : सत्कार कधीही नाकारू नये. फक्त घाटावर थंडी वाजणारी एक बहीण असावी.